‘कणा’ आणि पंचनामा

कुसुमाग्रजांची ‘कणा’ ही कविता मराठी वाचकाला जवळजवळ पाठ आहे. शाळेच्या समारंभात ती म्हटली जाते आणि प्रत्येक मोठ्या पुरानंतर ती हटकून आठवते. २६ जुलै २००५च्या प्रलयानंतर ठाणे-कल्याणच्या सभांमधून मी ती अनेकदा ऐकली. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येत. ते अश्रू खोटे नव्हते. पण ज्यांच्या घरात चिखल होता ती माणसे त्या सभांना आलेली नव्हती. म्हणून ही कविता एकदा कल्याणच्या वालधुनी नदीच्या काठावरून वाचावी, असे मला वाटते.

कवितेतला जुना विद्यार्थी भर पावसात सरांकडे येतो. नदीने त्याचा संसार नेला आहे. बायको तेवढी वाचली आहे. सरांचा हात खिशाकडे जातो, तेव्हा तो पैसे नाकारतो. त्याला हवा असतो फक्त पाठीवर हात. गरीब माणसाला दयेचा विषय होऊ न देण्याची कवीची धडपड येथे स्पष्ट दिसते. हा कवी विद्यार्थिदशेत नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहात अस्पृश्यांच्या बाजूने उभा राहिला होता, हेही विसरता कामा नये. माझे भांडण कवीशी नाही. ते या कवितेच्या प्रस्थापित वाचनाशी आहे.

कवितेत नदी माहेरी आलेल्या लेकीसारखी घरात शिरते. जिथे नदी पूज्य आहे तिथे हे रूपक शोभते. आमची वालधुनी अंबरनाथकडून येते, उल्हासनगरातले कारखान्यांचे आणि गटारांचे पाणी पोटात घेते आणि कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. ते पाणी चुलीपर्यंत आले की त्याला माहेरवाशीण म्हणायला जीभ वळत नाही. आणि त्या पाण्याला कारणे आहेत. २६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला त्याचा दहावा हिस्साही नाही. आभाळाने समान वाटप केले नाही, हे मान्य. पण पात्रात भराव आभाळाने घातला नाही. गावकुसाबाहेरचा माणूस शहरात आला तेव्हा त्याच्या वाट्याला नाल्याचा काठच का आला, याचेही उत्तर आभाळाकडे नाही. बाबुराव बागुलांनी १९६९ साली आपल्या कथासंग्रहाला ‘मरण स्वस्त होत आहे’ हे नाव दिले. मरण आपोआप स्वस्त होत नाही; त्याचा भाव कोणीतरी ठरवत असतो.

दुसरा प्रश्न काळाचा. कवितेतला काळ एका भेटीपुरता आहे. वस्तीतला काळ कागदावर असतो. झोपडी १ जानेवारी १९९५ पूर्वीची असेल तरच तिला कायद्याचे संरक्षण, असा दंडक होता. पुढे ती तारीख १ जानेवारी २००० झाली. म्हणजे पुराने भांडी नेली तर ती पुन्हा घेता येतात. पण रेशनकार्ड, वीजबिल, मतदार यादीचा उतारा नेला तर तुमची दहा-वीस वर्षेच वाहून जातात. तुम्ही येथे राहत होता हेच सिद्ध होत नाही. पाणी ओसरल्यावर आमच्या बाया आधी कागद दोरीवर वाळत घालतात, मग कपडे. कवितेतली बायको वाचते, नवऱ्याबरोबर झगडते, पण बोलत नाही. या बायांना बोलते केले तर पुराचे वेगळेच साहित्य निर्माण होईल.

तिसरा प्रश्न पैशाचा आणि तोच कळीचा आहे. सरांच्या खिशातला पैसा ही माया आहे. शासनाची भरपाई हा हक्क आहे. पहिला नाकारण्यात स्वाभिमान आहे. दुसरा सोडून देण्यात कसला स्वाभिमान? प्रस्थापित वाचन या दोहोंची गल्लत करते. जो मागत नाही त्याची पाठ थोपटायची आणि जो पंचनाम्यासाठी कचेरीत चार खेपा घालतो त्याला लाचार म्हणायचे! बाबासाहेबांनी आम्हाला स्वाभिमान दिला आणि हक्क मागण्याची भाषाही दिली; त्यांनी ही दोन कधी वेगळी केली नाहीत. भिजलेला कागद घेऊन रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा कणाही ताठच असतो.

२७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली. हजारावर प्रवाशांची सुटका झाली, साऱ्या देशाने ती पाहिली आणि ते योग्यच झाले. पण त्याच उल्हासच्या काठची घरे किती जणांना दिसली? संकट थांबलेल्या गाडीसारखे डोळ्यांत भरले तर बातमी होते. दर पावसाळ्यात उंबऱ्याशी आले की त्याला सवय म्हणतात. ‘लोक किती लवकर सावरले’ हे कौतुक मला म्हणूनच संशयास्पद वाटते. ते लवकर सावरले, कारण दुसऱ्या दिवशी कामावर गेले नाही तर चूल पेटत नाही.

‘कणा’ शाळेत जरूर शिकवावी. पण शिक्षकाने मुलांना एक प्रश्न विचारावा: या विद्यार्थ्याचे घर नदीच्या इतके जवळ का होते? आणि कल्याण-डोंबिवली-ठाण्याच्या आमच्या नव्या लेखकांनी त्याचे उत्तर लिहावे, वस्तीच्या नावासह, तारखेसह, पाणी भिंतीवर कुठवर चढले होते त्या खुणेसह.