दान आठवते, गाव नाही

बंगळुरूच्या मल्लेश्वरमचा इतिहास सांगताना बहुतेकजण १८९८ च्या प्लेगपासून सुरुवात करतात. पेठेतली दाटी सोडून लोक आखीव, हवेशीर वस्तीत राहायला गेले आणि उपनगर वाढले. बी. एल. राइस यांच्या म्हैसूर गॅझेटियरची सुधारित आवृत्ती निघाली १८९७ मध्ये, प्लेगच्या आदल्या वर्षी. ही वाढ टिपायला तिला थोडक्यात उशीर चुकला.

मराठी वाचकाजवळ मात्र त्याहून जुना दाखला असतो. काडु मल्लेश्वर मंदिराजवळच्या १६६९ च्या शिलालेखानुसार, शहाजीराजांचे पुत्र एकोजी यांनी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव देवाला दान दिले. आपल्याकडे या लेखाचा उल्लेख होतो तो मुख्यतः बंगळुरूवरच्या भोसल्यांच्या सत्तेचा पुरावा म्हणून. मला हे वाचन तोकडे वाटते. एक तर लेख कन्नडमध्ये आहे. मराठी राजपुत्राचे दान इथल्या लोकांच्या भाषेत कोरले गेले. दुसरे म्हणजे, त्यातला सर्वांत बोलका शब्द दात्याचे नाव नसून गावाचे आहे. कन्नडमध्ये ‘मेदर’ म्हणजे बुरूड. बांबू सोलून टोपल्या, सुपे विणणाऱ्यांची खूण त्या नावात राहिली आहे.

फ्रान्सिस बुकानन १८०० मध्ये इथे आला तो गव्हर्नर जनरल वेलस्लीच्या हुकमावरून. १८०७ मध्ये छापलेल्या त्याच्या प्रवासग्रंथात बंगळुरूचे विणकर, व्यापार, पिके बारकाईने येतात; कंपनीला नव्या मुलखाची तीच माहिती हवी होती. जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’त दिसतो तो शहाजीराजांचा दरबार आणि तिथली अनेक भाषांतली कवने. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२२ मध्ये चंपू प्रसिद्ध केला, तेव्हापासून मराठी मनातले जुने बंगळुरू बरेचसे दरबारीच राहिले आहे.

थोडक्यात, प्रत्येक साधन ज्याच्यासाठी लिहिले गेले त्याच्यापुरते पाहते. दरबाराला कवी दिसले, कंपनीला माग दिसले. बुरूड उरला तो एका गावाच्या नावात. त्या शिलालेखातले एकोजीचे नाव आपण चटकन ओळखतो. मेदरनिंगनहळ्ळीचा अर्थ लागायला मात्र शेजाऱ्याला विचारावे लागते. मल्लेश्वरमवर मराठीत लिहिणाऱ्याने आधी ते विचारावे, मग भोसल्यांकडे वळावे.