आधी अळी, मग नाव

दर पावसाळ्यात आपल्या फोनवर एक व्हिडिओ येतोच. कुणाच्या तरी दारातल्या फुलासमोर एक इवलासा जीव हवेत थांबलेला असतो. पंख दिसत नाहीत, नुसती थरथर दिसते, आणि लांब चोच फुलात गेलेली. खाली लिहिलेलं असतं, 'आपल्या बारामतीत हमिंगबर्ड!' गावाचं नाव बदलतं, कधी इंदापूर तर कधी भिगवण, पण व्हिडिओ तोच. मग कमेंटमध्ये कुणीतरी जाणकार येतो आणि सांगतो की हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत असतात, हा हॉक मॉथ आहे. चोच नाही ती, सोंड आहे. पक्षी नाही, पतंग आहे. त्याचं म्हणणं बरोबर असतं. चार जण अंगठा दाखवतात आणि विषय संपतो.

माझी तक्रार विषय तिथं संपण्याबद्दल आहे. ओळख पटवणं म्हणजे नाव सांगणं, असं आपण धरून चाललोय. फोनही तेच शिकवतो. फोटो द्या, नाव घ्या. पण नाव बरोबर असूनही ओळख खोटी असू शकते. याचा सगळ्यात गमतीदार पुरावा एका सिनेमात आहे.

१९९१ चा 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज' तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यात खुनाचा माग एका कोषावरून लागतो. कीटकतज्ज्ञ कोष उघडतो आणि नाव सांगतो : अ‍ॅकेरॉन्शिया स्टिक्स. पाठीवर कवटीसारखी खूण असलेला हा आशियातला हॉक मॉथ. हॉलिवूडसाठी तो मृत्यूचा दूत आहे. आपल्या भागात त्याची अळी तिळाच्या, वांग्याच्या पानांवर वाढते. पण पडद्यावर जे पतंग उडतात, ते अ‍ॅकेरॉन्शिया नाहीतच. ते आहेत मॅन्डुका सेक्स्टा, अमेरिकेत तंबाखू आणि टोमॅटोच्या शेतात सापडणारे हॉक मॉथ. त्यांच्या पाठीवर कवटीचं चित्र असलेलं छोटं कवच चिकटवून त्यांना आपल्या पतंगाच्या भूमिकेत उभं केलं गेलं. संवादात नाव अचूक, पडद्यावरचा जीव भलताच. आणि कवटी एवढी ठळक की प्रेक्षकाला काहीच खटकत नाही. पंखांवरच्या नक्षीवरून ओळखायची सवय लागली की नक्षी चिकटवूनही फसवता येतं.

या सवयीला उतारा म्हणून मी एका जुन्या पुस्तकाकडे बघते. टी. आर. बेल आणि एफ. बी. स्कॉट या दोघांनी लिहिलेला 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालिकेतला पतंगांचा पाचवा खंड, स्फिंजिडी म्हणजे हॉक मॉथच्या कुळावरचा. तो १९३७ साली लंडनहून निघाला. याच मालिकेत हॅम्पसन यांनी १८९२ ते १८९६ या काळात पतंगांचे चार खंड लिहिले होते आणि हॉक मॉथ त्यांतल्या पहिल्याच खंडात येऊन गेले होते. मग चाळीस वर्षांनी पुन्हा त्याच कुळावर पाचशेहून जास्त पानं का खर्च करायची? कारण या दोघांकडे अळ्या होत्या. बेल वनखात्यात होते. नोकरीचा मोठा काळ त्यांनी उत्तर कन्नड जिल्ह्यात काढला, निवृत्तीनंतर कारवारलाच राहिले आणि १९४८ साली तिथंच वारले. पुस्तक आलं तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. त्यामागं जंगलात अळ्या शोधून, त्यांना पानं घालून, कोषातून पतंग बाहेर येईपर्यंत वाट बघण्यात गेलेली वर्षं आहेत.

पुस्तकाची मांडणी रूक्ष आहे. प्रत्येक जातीखाली आधी नावांची जंत्री, मग पतंगाचं वर्णन. कंटाळा येतो. पण इथं पुस्तक मिटू नका. पुढं अंडं येतं, अळी येते, कोष येतो, सवयी येतात आणि शेवटी खाद्यवनस्पतींची यादी. इथं पुस्तकाचा आवाज बदलतो. अळी पानाच्या कुठल्या बाजूला बसते, हात लावला की काय करते, कोषात जाण्याआधी रंग कसा बदलते, हे सगळं स्वतः बघितलेल्या माणसाच्या भाषेत आहे. पेटीत टाचणीला टोचलेल्या पतंगावरून हे लिहिता येत नाही.

आता हे पुस्तक आपल्या बांधावर लावून बघू. पुणे-सोलापूर रस्त्याच्या दुभाजकावर कण्हेर फुललेली असते. कण्हेर विषारी, जनावरं तोंड लावत नाहीत. पण डाफ्निस नेरी या हॉक मॉथची अळी तीच खाऊन वाढते. हिरवीगार, डोक्यामागं दोन निळे डोळे असावेत तसे ठिपके. अळीनं डोकं आत ओढलं की ते ठिपके फुगतात आणि समोरच्याला वाटतं, कुणीतरी आपल्याकडे रोखून बघतंय. तगरीवर आणि सदाफुलीवरही ती सापडते. इंदापूरच्या द्राक्षबागेत हिपोशन सेलेरिओची अळी असते, आणि तीच अळूच्या पानावर आणि बांधावरच्या पुनर्नव्यावरही वाढते. रताळ्याच्या वेलावर अ‍ॅग्रियस कॉन्व्हॉल्व्हुली. दारातल्या अनंतावर सेफोनोडीस हायलास, ज्याच्या पंखांवरचे खवले पहिल्याच उड्डाणात झडतात आणि पंख काचेसारखे होतात. 'हमिंगबर्ड' म्हणून फिरणाऱ्या व्हिडिओंत अनेकदा हाच असतो. उसाच्या पट्ट्यात हॉक मॉथ कुठले, असं वाटेल, तर ल्युकोफ्लेबिया लिनिआटा हा गुलाबी-पिवळ्या पट्ट्यांचा पतंग गवतांवर आणि उसावरच वाढतो. म्हणजे नीरा डाव्या कालव्याच्या काठानं चालत गेलात, तर या पुस्तकातलं निम्मं काम तुमच्या डोक्यात आधीपासूनच आहे. झाड कुठलं, हे तुम्हाला माहीत आहे. फोनला ते माहीत नसतं.

पतंगाच्या नक्षीपेक्षा अळी आणि झाड जास्त खरं बोलतात, हे फक्त जुन्या माणसांचं म्हणणं नाही. हॉक मॉथच्या जातींची गर्दी असलेल्या मध्य अमेरिकेत, कोस्टा रिकाच्या ग्वानाकास्ते भागात, डॅनियल जॅन्झन आणि विनी हॉलवॉक्स यांनी गेली काही दशकं बेल यांचंच काम प्रचंड प्रमाणावर केलं. जंगलातून अळ्या आणायच्या, कुठल्या झाडावर मिळाली ते लिहायचं आणि वाढवायच्या. हॉक मॉथ तर त्यात होतेच, पण सगळ्यात गाजलं ते एका फुलपाखराचं प्रकरण. तिथलं एक फुलपाखरू अठराव्या शतकापासून एकच जात म्हणून ओळखलं जात होतं. मोठी झालेली फुलपाखरं जवळजवळ सारखी, पण अळ्या वेगवेगळ्या रंगांच्या आणि वेगवेगळ्या झाडांवरच्या. २००४ साली डीएनए तपासून या गटानं मांडलं की ही एक जात नसून दहा जाती आहेत. आकड्यावर पुढं वाद झाला, दहा नसतील, कमी असतील असंही म्हटलं गेलं. पण 'एकच' मात्र कुणी म्हणालं नाही. २००६ साली त्याच भागातल्या फुलपाखरं आणि पतंगांच्या ५२१ जातींवर, त्यांत हॉक मॉथही होते, डीएनएची हीच पद्धत लावली, तर जवळजवळ ९८ टक्के जाती वेगळ्या ओळखता आल्या. यंत्र भारी होतंच. पण यंत्राला कुठं बघायचं हे अळीनं आणि झाडानं सांगितलं होतं.

या कामातली आणखी एक गोष्ट मला बेल-स्कॉटच्या पुस्तकापेक्षा पुढची वाटते. ग्वानाकास्तेत अळ्या शोधणारे आणि वाढवणारे लोक आसपासच्या गावांतले आहेत. त्यांना प्रशिक्षण दिलं, पगार दिला, नोंदींवर त्यांची नावं घातली. अळ्यांवर जगणाऱ्या बारीक परजीवी माश्यांच्या नव्या जातींना त्यांची नावंही दिली गेली.

बेल-स्कॉटच्या पुस्तकाची खरी मर्यादाही इथंच दिसते. दोन्ही लेखक भरपूर पावसाच्या मुलखातले, बेल कारवारचे आणि स्कॉट शिलाँगकडचे. जिथं ते राहिले तिथलं वर्णन जिवंत आहे. आपल्या पर्जन्यछायेतल्या मुलखाला, जिथं वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यांच्यापैकी कुणीच असा घरचा माणूस लाभला नाही. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यातल्या माळावर पहिल्या पावसानंतर काय उगवतं आणि त्यावर काय चरतं, हे त्या पुस्तकात शोधायला जाऊ नये. शिवाय सगळं पुस्तक लॅटिनमध्ये बोलतं. कण्हेर म्हटलं की जी माहिती आपल्याला लगेच कळली असती, तिच्यासाठी 'नेरियम' शोधत बसावं लागतं. एवढं करूनही मी या पुस्तकाला फोनच्या वर ठेवते, कारण त्यातली रिकामी जागा आपण भरू शकतो. 'इंदापूर तालुका, पुनर्नवा, ऑगस्ट' एवढी नोंदही त्याच्या पानाला जोडता येते.

फोनचं काय होतं, ते अ‍ॅग्रियसच्या उदाहरणानं सांगते. रताळ्यावरच्या आपल्या अ‍ॅग्रियसचा एक अमेरिकन भाऊ आहे, अ‍ॅग्रियस सिंग्युलाटा. दोघांच्या पोटावर गुलाबी पट्टे. फरक मागच्या पंखांत, अमेरिकन भावाच्या मागच्या पंखात गुलाबी रंग असतो, आपल्याचे राखाडी. पण भिंतीवर बसलेला पतंग मागचे पंख झाकून बसतो. म्हणजे रात्री ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत नेमकी खूणच दिसत नाही. माझ्या फोनवरच्या अ‍ॅपनं अशा फोटोला अमेरिकन नाव सुचवलं होतं. अ‍ॅपला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला दिलंच एवढं, की पाठ, पंख आणि उजेड. कुठल्या वेलावर वाढला हे त्याला कुणी सांगितलं नाही.

आणि आपल्या भाषेनं तरी कुठं सांगितलंय? महाराष्ट्रानं २०१५ साली ब्लू मॉर्मॉनला राज्य फुलपाखरू केलं. मारुती चितमपल्लींनी पक्ष्यांची नावं रानात राहणाऱ्या माणसांकडून गोळा करून कोश केला. पतंग मात्र मागं राहिले. 'पतंग' म्हटलं की निम्म्या लोकांना संक्रांतच आठवते. हॉक मॉथला मराठी नाव द्यायचं म्हणून 'ससाणा पतंग' असं भाषांतर करून मोकळं होता येईल, पण ते इंग्रजी नजरेचं नाव झालं. गंमत म्हणजे या कुळाचं शास्त्रीय नाव अळीवरून आलंय. अळी अंगाचा पुढचा भाग उचलून स्तब्ध बसते, ती इजिप्तच्या स्फिंक्ससारखी दिसते म्हणून 'स्फिंक्स'. अमेरिकेतले शेतकरी तिला शिंगावरून ओळखतात आणि 'हॉर्नवर्म' म्हणतात. मला विचाराल तर आपणही तिथूनच सुरुवात करावी. शेपटाला शिंग असलेली अळी, म्हणून शिंगाळी. कण्हेरीची शिंगाळी, तिळाची शिंगाळी, द्राक्षाची शिंगाळी. नावातच झाड आलं की अर्धी ओळख तिथंच झाली.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. आपल्याकडे 'अळी' या शब्दापुढं एकच क्रियापद येतं. 'अळी पडली' म्हटलं की पुढचं वाक्य 'औषध मारलं पाहिजे' हेच असतं. कुठली अळी, किती आहेत, पुढं तिचं काय होणार, हे प्रश्न त्या शब्दात मावत नाहीत. द्राक्षाच्या नव्या फुटीवर अळ्या तुटून पडल्या तर बागाईतदारानं गप्प बसावं, असं मी म्हणणार नाही. कर्ज त्याच्या डोक्यावर आहे, माझ्या नाही. पण द्राक्षाच्या पानावरची ती अळी मोठी झाली की रात्री पांढरी, वासाची फुलं शोधत फिरते. पपईचंच बघा. पपईही मूळची अमेरिकेची, आणि तिची फुलं रात्री वास सोडतात. केनियातल्या शेतांमध्ये नर आणि मादी झाडं वेगळी असलेल्या पपईवर अभ्यास झाला, तेव्हा तिचं परागीभवन मुख्यतः हॉक मॉथ करताना दिसले. म्हणजे एका बागेतली कीड दुसऱ्या बागेतली मजूर असते, आणि बांधावरचा पुनर्नवा तणनाशकानं जाळला की ती दोन्हीकडून जाते. 'अळी' हा एकच शब्द वापरला, तर हे गणित मांडताच येत नाही.

म्हणून पुढच्या वेळी फोटो काढाल तेव्हा अ‍ॅपनं नाव सांगितल्यावर थांबू नका. पतंग असेल तर आसपास काय लावलंय ते लिहा. अळी असेल तर ज्या पानावर बसली आहे त्या पानाचाही फोटो घ्या, आणि झाडाचं नाव तुमच्या आजीला विचारून आजीच्याच शब्दात लिहा. जमलं तर बरणीत तळाशी माती घालून, तोंडाला फडकं बांधून, त्याच झाडाची ताजी पानं रोज घाला. यांतल्या बऱ्याच अळ्या मातीत किंवा पाचोळ्याखाली जाऊन कोष करतात. बाहेर येईल ते काय असेल हे अ‍ॅपच्या आधी तुम्हाला कळलेलं असेल. बेल आणि स्कॉट यांनी कोरडा मुलूख रिकामा ठेवलाय. ती पानं लिहायला लंडनहून कुणी येणार नाही, आणि लागणारी पहिली माहिती, म्हणजे कुठलं झाड कुठल्या बांधावर आहे, ती बारामती-इंदापूरच्या पोरांकडे आत्ताच आहे.