स्वस्त झालं, पण टिकतं का?

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या ‘नेक्सकार19’ या टी-पेशी उपचाराचे निकाल 2025 मध्ये ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’त आले. बातम्यांत त्यातल्या ‘स्वदेशी’ आणि ‘स्वस्त’ यांवर बराच भर होता. खरी करामत वेगळीच आहे. कर्करोगाची पेशी ओळखणारा उंदराच्या प्रतिपिंडाचा तुकडा इथे मानवी धाटणीचा केलाय, आणि सायटोकाइन वादळ बहुतेकांत सौम्य राहिलं.

पण 64 रुग्णांत दोन मृत्यू उपचाराशी जोडलेले होते. बी-एएलएल या रक्ताच्या कर्करोगात प्रतिसाद दिलेल्यांपैकी निम्म्यांचा गुण आठेक महिन्यांतच ओसरला. राहुरीतून जमीन विकून मुंबई गाठणाऱ्या घराला किमतीआधी हा आकडा कळायला हवा.