पक्षिचित्रांच्या प्रतिकृती आणि समासातील नाव

जुन्या पक्षिचित्राच्या प्रतिकृतीचा दर्जा ठरविताना रंग मुळाशी किती जुळतात आणि कागद किती टिकाऊ आहे, एवढेच पाहण्याचा प्रघात आहे. हा निकष अपुरा आहे. चौकटीत बसविताना चित्राचे काय कापले गेले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा होय.

पाटण्याचा चित्रकार शेख झैनुद्दीन याने १७७७ मध्ये काढलेले भांगपाडी मैनेचे चित्र या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एलायजा इम्पी यांच्या पत्नी मेरी इम्पी यांच्यासाठी ते काढले गेले. आज ते अमेरिकेतील मिनीआपोलिसच्या कलासंग्रहालयात आहे. मैना बोरीच्या फांदीवर बसली आहे आणि सोबत टसर रेशमाच्या कुळातील दोन पतंग, अळी व कोश आहेत. ही सजावट नव्हे. टसरची अळी बोरीचा पाला खाते. बोर आणि मैना नाशिककराच्या नित्य ओळखीची. त्यांच्यामधील अळीचा दुवा चित्रकाराने टिपला. केवळ मैना मोठी करून छापली की तो तुटतो. समास कापला तर हानी आणखी मोठी, कारण इम्पी संग्रहातील चित्रांवर पक्ष्याच्या व संग्राहिकेच्या नावासोबत चित्रकाराचे नाव आणि गावही नोंदविलेले आढळते. वसाहतकालीन निसर्गचित्रणात भारतीय चित्रकाराला असा मान क्वचितच मिळाला.

दुसरे उदाहरण महाराष्ट्राशी निगडित आहे. मद्रास सैन्यातील शल्यवैद्य थॉमस जर्डन काही काळ जालन्यास होता. १८४३ ते १८४७ या काळात मद्रासहून निघालेल्या त्याच्या ग्रंथातील पन्नास पक्षिचित्रे मुख्यतः भारतीय चित्रकारांच्या हातची; तरी ती ओळखली जातात जर्डनच्या नावाने. शिळाछापाची, हाताने रंगविलेली अशी पाने प्रतीगणिक थोडी वेगळी असतात. त्यामुळे कोणत्या ग्रंथालयातील प्रत समोर ठेवली हे न सांगता प्रतिकृतीला ‘मुळाबरहुकूम’ म्हणणे निरर्थक आहे. (रंगांच्या अचूकतेची जाहिरात करणाऱ्यांना हे बहुधा सुचत नाही.)

लंडनच्या वॉलेस कलेक्शनमध्ये २०१९-२० साली भरलेल्या प्रदर्शनात कंपनीकालीन भारतीय चित्रकारांना त्यांच्या नावांनिशी मांडले गेले. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात वा प्राणिशास्त्र विभागात लावावयाची प्रतही समासासकट मागवावी. चौकट थोडी मोठी घ्यावी लागेल, इतकेच.