आवडता पिच्चर, नावडता पिच्चर

दोनच प्रश्न घेऊन फिरलो. तुला सगळ्यात आवडलेला पिच्चर कोणता? आणि सगळ्यात नावडलेला कोणता? चंद्रपूरच्या वस्तीत विचारलं, घुग्घूसच्या खाणकामगारांना विचारलं, वडसा-आरमोरीकडून आलेल्या पाहुण्यांना विचारलं, जिवतीच्या डोंगरावरच्या गोंड मित्राला विचारलं. टक्केवारी काढली नाही. ते काम सर्वे करणाऱ्यांचं. मला फक्त ऐकायचं होतं.

कारण आपल्या शिबिरांत पिच्चरचा विषय निघाला की आपण दोनच गोष्टी करतो. एक तर बाजारू म्हणून शिव्या देतो, नाही तर परिवर्तनवादी म्हणून यादी वाचतो. ‘अंकुर’, ‘आक्रोश’, ‘सद्गती’. ही यादी आपली नाही. पांढरपेशांच्या फिल्म सोसायटीतून ती आपल्याकडं आली आणि आपण ती न तपासता खिशात घातली. ज्यांच्यासाठी म्हणून हे पिच्चर काढले, त्या माणसाला ते आवडले का, हे कुणी विचारलंच नाही.

मी विचारलं. यादीतल्या एकाचंही नाव आवडत्यात आलं नाही.

नावडत्यात मात्र आलं. आमच्या मावशीनं ‘सद्गती’ सांगितला. सत्यजित राय यांनी १९८१ साली प्रेमचंदांच्या गोष्टीवरून दूरदर्शनसाठी केलेला. दुखी चांभार पोरीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढायला बामनाच्या दारी जातो, उपाशीपोटी लाकडाचा ओंडका फोडता फोडता मरतो, आणि शेवटी त्याचं प्रेत दोरीनं ओढून फेकतात. मावशीनं तो शेजारच्या घरी टीव्हीवर पाहिला आणि अर्ध्यातून उठून आली. मी म्हटलं, मावशी, तो तर आपल्या बाजूचा पिच्चर होता. ती म्हणाली, “बाजूचा असन बाबू. पन आमाले मार खाताना, मरताना का पायाचं? थे तर घरीच पायलं. तिकडं त्यायले दाखव, ज्यायनं नाय पायलं.”

एवढ्या सोप्या शब्दांत इतकी नेमकी समीक्षा मी कुठल्या परिसंवादात ऐकली नाही. मावशीचं म्हणणं असं की प्रत्येक पिच्चर एक खुर्ची मांडून ठेवतो. त्या खुर्चीवर कुणी बसावं हे आधीच ठरलेलं असतं. ‘सद्गती’ची खुर्ची सवर्णासाठी आहे. त्यानं बसावं, बघावं, त्याला लाज वाटावी. हे काम मोठं आहे, मी ते नाकारत नाही. पण मावशीनं त्या खुर्चीवर बसून कुणाची लाज वाटून घ्यायची? ‘आक्रोश’मध्ये लहान्या भिकू हा आदिवासी जवळपास सगळा पिच्चरभर तोंड उघडत नाही. बोलतो त्याचा वकील. लहान्या बोलतो ते कुऱ्हाडीनं, तेही शेवटी आणि स्वतःच्याच बहिणीवर. ‘अंकुर’मधला किष्टय्या तर मुकाच. आपल्या बाजूच्या पिच्चरमध्ये आपला माणूस मुका का असतो? हा प्रश्न यादी देणाऱ्यांनी आपल्याला दिला नव्हता. तो मावशीच्या उठून जाण्यात होता.

आता आवडत्याकडं येऊ.

खाणीतून रिटायर झालेले काका म्हणाले, ‘काला पत्थर’. १९७९ सालचा. डिसेंबर १९७५ मध्ये धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाणी शिरलं आणि पावणेचारशेच्या आसपास कामगार मेले, त्यावरून सुचलेला. काकांनी पाणी फुटतं तो प्रसंग हातवारे करून सांगितला. लिफ्ट, पिंजरा, काळोख, आरडाओरडा. “आमी खाली उतरलो का हेच मनात राहे. पिच्चरवाल्याले कसं मालूम झालं?” आपला काळोख पडद्यावर आला, हाच काकांचा आनंद. मी म्हटलं, काका, देशातल्या बहुतेक कोळसाखाणी १९७३ पर्यंत सरकारच्या झाल्या होत्या, पिच्चरमध्ये मात्र सगळं पाप एका खाजगी शेठच्या माथी. सरकार सुटलं. आणि वाचवणारे कोण? जहाजाचा कप्तान, इंजिनियर, डॉक्टरीण. कामगार फक्त पाण्यात. काका हसले. म्हणाले, “हे तर मलेबी दिसलं ना गा. पन अमिताभच्या तोंडाले काळं लागलं होतं. तेवढं पुरे होतं त्या टायमाले.”

त्या टायमाले. हा शब्द ध्यानात ठेवा. आवड ही आवडणाऱ्याच्या काळासकट मोजावी लागते.

दुसरं नाव पुन्हा पुन्हा आलं ते ‘दीवार’चं, १९७५ सालचा. आपल्या वस्त्यांत तो का चालला? गुंडाचा पिच्चर म्हणून आपले विचारवंत नाक मुरडत होते तेव्हाही का चालला? मला दोन कारणं दिसतात. एक, बूटपॉलिश करणारं पोर फेकलेले पैसे उचलत नाही. ज्यांच्या आज्यानं बाबासाहेबांचं ऐकून मेलेली ढोरं ओढणं सोडलं, दारोदारची शिळी भाकर मागणं सोडलं, त्याबद्दल मार खाल्ला, बहिष्कार सोसला, त्यांच्या नातवाला हा प्रसंग कुणी समजावून सांगावा लागत नाही. दुसरं, त्या पोराच्या हातावर बापाच्या नावानं गोंदलेलं. त्यानं काही केलेलं नाही, पण बापाचा शिक्का जन्मभर हातावर. जात याहून वेगळी कशी असते? पिच्चर काढणाऱ्यांच्या डोक्यात जात नसेल. बघणाऱ्यांच्या होती. हा अर्थ आपल्या लोकांनी तिकिटाचे पैसे मोजून स्वतः घातलेला आहे.

आणि हे करणारा प्रेक्षक कोण? झाडीपट्टीचा. दिवाळी झाली की गावागावांत मंडप पडतो, वडशाच्या कंपन्या येतात, रात्र उजाडेपर्यंत नाटक चालतं. थंडीत चादर गुंडाळून तिकिटानं बसणारा हा माणूस नटाच्या तोंडावर दाद देतो आणि तोंडावर रागही काढतो. त्याला भोळा समजू नका. तो फसतो, पण आपण फसलो कुठं हे त्याला माहीत असतं.

पुढची पिढी. एकीनं सांगितलं, आवडता ‘सैराट’. दुसरीनं सांगितलं, नावडता ‘सैराट’. दोघी सख्ख्या बहिणी. २०१६ च्या एप्रिलात आला. आवडली ती आर्ची, बुलेट चालवणारी, ट्रॅक्टरवर येणारी. नावडला तो शेवट, लेकराची रक्तानं भरलेली पावलं. धाकटी म्हणाली, “दादा, हसवत हसवत आणलं आणि मारलं.” मी नागराज मंजुळेंची बाजू घेतली. म्हटलं, शेवट गोड केला असता तर तो खोटा झाला असता. ती म्हणाली, “खोटा नाय म्हणत मी. मले भेव वाटलं म्हणते.” इथं मी गप्प बसलो. ज्या पोरीला जातीबाहेर मन जडण्याचं भय रोज आहे, तिला तो शेवट कलेचा विजय वाटत नाही. तिला तो निरोप वाटतो. मंजुळेंचाच ‘फँड्री’ आठवा. शेवटी जब्या दगड भिरकावतो, तो सरळ आपल्याकडं येतो. पांढरपेशा समीक्षकांनी लिहिलं की दगड आपल्या कपाळावर बसला. आमच्या पोरांनी अंग चोरलं नाही. शिट्ट्या मारल्या. दगड आपल्याच हातातून सुटला असं त्यांना वाटलं. एकच दगड. खुर्ची बदलली की दिशा बदलते.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो तिथं येतो.

मार्च २०२२. एकाच महिन्यात दोन पिच्चर आले. चार तारखेला ‘झुंड’, पंचवीस तारखेला ‘आर आर आर’. ‘झुंड’ आपल्या नागपूरचा. त्यात वस्तीतली आंबेडकर जयंती आहे, डीजे आहे, आणि ‘दीवार’मधला, ‘काला पत्थर’मधला तोच अमिताभ बाबासाहेबांच्या फोटोपुढं हात जोडून उभा आहे. नाव तिन्हीकडं विजयच. हिंदी पडद्याला इथवर यायला सत्तेचाळीस वर्षं लागली. तरी इथंही शिकवणारा बाहेरून येतो. पण पोरं मुकी नाहीत. ती भांडतात, पळतात, पडतात, स्वतःची गोष्ट स्वतःच्या बोलीत सांगतात. मला तो आवडला.

जिवतीच्या मित्राला विचारलं. तो मला जय भीम म्हणतो, मी त्याला जय सेवा म्हणतो. तो म्हणाला, “आवडता आर आर आर. नावडताबी आर आर आर.”

हे समजून घ्यायला डोंगराच्या पलीकडं पाहावं लागेल. जिवती-राजुऱ्याचा मुलूख आणि पलीकडचा आसिफाबाद हे पूर्वी निजामाचंच राज्य. कोमरम भीम तिथला गोंड. जंगल खात्याच्या आणि जहागीरदारांच्या जुलमाविरुद्ध, चराईच्या पट्टीविरुद्ध तो निजामाशी लढला आणि १९४० साली जोडेघाटला मारला गेला. जल, जंगल, जमीन ही घोषणा त्याच्या नावानं ओळखली जाते. त्याच्याबद्दल सांगितलं जातं की तरुणपणी तो पळून चांद्याला आला, एका छापखान्यात कामाला राहिला, तिथं लिहायला-वाचायला शिकला. म्हणजे तो आपल्या शहराचाही माणूस.

पिच्चरमध्ये काय होतं? निजाम बाजूला राहतो, लढाई इंग्रजांशी होते. भीमच्या जोडीला अल्लुरी सीताराम राजू येतो. खरे हे दोघे कधी भेटल्याची नोंद नाही. राजू १९२४ सालीच मारला गेला. त्याचं मला काही वाटत नाही. कल्पना करायचा हक्क पिच्चरला आहे आणि ही कल्पना आहे हे त्यांनी लपवलंही नाही. प्रश्न एवढाच की कल्पनेचा बैल सुटला की तो नेमका त्याच वावरात का शिरतो? राजू शेवटी धनुष्यबाण घेऊन रामाच्या रूपात उभा. भीमला ताकद दिली, वाघाशी झुंज दिली, पण अक्कल राजूच्या वाट्याला. आणि लढाई जिंकल्यावर राजू विचारतो, तुला काय देऊ? भीम म्हणतो, मला शिकव. मग जल, जंगल, जमीन ही अक्षरं राजू लिहून देतो. ज्याची घोषणा, त्यालाच ती लिहून दिली.

मित्र म्हणाला, “भाऊ, फटके मारतात तवा तो गुडघे टेकत नाय, गातो. मी खुर्चीवरून उठलो होतो. आमचा मानूस एवढा मोठा पडद्यावर कोनं दाखवला? आन् शेवटी वाटलं, अबे, त्याले तर वाचता येत होतं ना! आमच्या चांद्यालेच शिकला ना तो!”

मीही कबूल करतो. त्या फटक्यांच्या प्रसंगाला मीही शिट्टी मारली. आणि शेवटी भीम ‘मला शिकव’ म्हणाला तेव्हा क्षणभर माझा गळा दाटला, कारण शिक्षण हा शब्द ऐकला की आपल्या माणसाचा गळा दाटतोच. सापळा तिथंच आहे. आपल्याच सगळ्यात प्रिय शब्दानं आपल्याला खाली बसवलं. फुल्यांनी, सावित्रीबाईंनी शाळा काढल्या, बाबासाहेबांनी ‘शिका’ सांगितलं, ते बक्षीस म्हणून नव्हे. जिंकल्यावर धन्याकडं मागायची ती गोष्ट नाही. ज्यावर लढायचं ते हत्यार आहे.

याच्याशेजारी ‘जय भीम’ ठेवून पाहा. तमिळ पिच्चर, २०२१ चा, आपल्या पोरांनी मोबाईलवर पाहिला. तिथंही वाचवणारा वकीलच आहे. हा दोष मी झाकत नाही. पण शेवटी इरुळा जमातीची लहान पोरगी वकिलासमोर खुर्चीवर पायावर पाय टाकून पेपर वाचते. ती मागत नाही. बसते. ‘न्यूटन’मधली (२०१७) दंडकारण्यातली माल्को आठवा. निवडणुकीचं सामान घेऊन आलेल्या साहेबापेक्षा तिला जंगल, गोंडी आणि लोक जास्त कळतात, आणि ती ते शांतपणे सांगते. गडचिरोलीत इलेक्शन ड्युटी केलेल्या कुणालाही विचारा, अशी माल्को तिथं भेटते की नाही.

मग साथींनो, आपण करायचं काय? एक पोरगा मला म्हणाला, “दादा, पिच्चर हाय, मजा घ्या ना.” त्याला गप्प करू नका. मजा खरी आहे. मजा घेणाऱ्याला अडाणी ठरवणारी समीक्षा ही बामनी समीक्षाच, भले ती निळ्या झेंड्याखाली लिहिलेली असो. पण मजा घेतल्यावर मावशीसारखं विचारायचं. यात आपली खुर्ची कुठं मांडली आहे? आपला माणूस बोलतो की मुका आहे? अक्षर त्याच्या हातात आहे की त्याला कुणी देतो आहे? तीन प्रश्न पुरेत. विहारात रविवारची वंदना झाली की अर्धा तास बसा, बायांना आधी बोलू द्या, आणि आपली यादी खिशातच ठेवा.

१६ ऑक्टोबर १९५६ ला याच शहरात बाबासाहेबांनी दीक्षा दिली. त्या मैदानात बसलेल्या लोकांना कुणी खुर्च्या मांडून दिल्या नव्हत्या. ते जमिनीवर बसले होते आणि उठले ते दुसरी माणसं होऊन.

जिवतीच्या मित्राला मी जाता जाता विचारलं, भीमवर पिच्चर तू काढलास तर सुरुवात कुठून करशील? तो लगेच म्हणाला, “छापखान्यातून. तो खिळे जुळवून रायला, आन् पयलं अक्षर वाचून रायला. वाघ मंग पाहू.”