चित्रात नसलेले घड्याळ

शालेय विज्ञान प्रदर्शनांत एक चित्र हटकून दिसते. मध्ये पृथ्वीचा गोल, वर तीन उपग्रह, खाली एक मोटारगाडी. गाडीपासून उपग्रहांकडे बाण, उपग्रहांपासून गाडीकडे बाण, आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलेले असते : ‘उपग्रह गाडीचे ठिकाण शोधून चालकाला कळवतात.’ वडाळ्याच्या एका शाळेत हे चित्र आम्ही ‘गाडीतील आधुनिक उपकरणे’ या दालनात पाहिले. शेजारच्या टेबलावर एक जुनी सीडी होती आणि तिच्यामागे दुसरे चित्र : ‘खड्डा म्हणजे ०, सपाट भाग म्हणजे १. लेसर ते वाचतो.’ रेखाटन सुबक होते, मुले न अडखळता माहिती सांगत होती. तरीही दोन्ही स्पष्टीकरणे चुकीची आहेत. ही चूक मुलांच्या पदरात टाकता येणार नाही. आपल्या वाचनात येणाऱ्या सोप्या पुस्तकांतून, तक्त्यांतून आणि खरे सांगायचे तर आम्ही स्वतः वर्गात फळ्यावर काढलेल्या आकृत्यांतून ती तेथवर पोहोचली आहे.

सोपे करून सांगण्याला आमचा विरोध नाही. आपला व्यवसायच तो आहे. पण सोप्या स्पष्टीकरणाची एक कसोटी असावी असे आम्हांला वाटते. मुलगा पुढच्या इयत्तेत गेला की त्याला त्या स्पष्टीकरणावर आणखी एक मजला चढवता आला पाहिजे. आधीचे पाडून पाया पुन्हा खणावा लागत असेल, तर ते सोपे केलेले नव्हते, चुकीचे सांगितलेले होते. वरची दोन्ही चित्रे या कसोटीला उतरत नाहीत.

पहिल्या चित्राचा परिणाम कसा होतो, तो आम्हांला तेथेच पाहायला मिळाला. दालनातला एक मुलगा म्हणाला, “सर, माझे पप्पा ट्रक चालवतात. गाडी टर्मिनलला उभी असते. शेठ त्यांना बोलतो, तू कुठे थांबतोस ते वरून उपग्रह बघतो, मला सगळं कळतं.” वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलमध्ये रोज थांबणाऱ्या चालकांपैकी कितीजणांना हे असेच सांगितले जात असेल! आणि आपले चित्र नेमकी शेठजींची बाजू घेते, कारण त्यात गाडीकडून वर जाणारा बाण आहे.

तो बाण खोटा आहे. गाडीतला जीपीएस ग्राहक उपग्रहाकडे काहीही पाठवत नाही. तो फक्त ऐकतो. आपण घरी कोणत्या खोलीत बसून बातम्या ऐकतो याचा आकाशवाणीला पत्ता नसतो, तसेच हे आहे. उपग्रह सतत सांगत असतो : मी अमुक ठिकाणी आहे आणि आता अमुक वाजले आहेत. ऐकणारे एक असोत वा एक अब्ज, त्याला फरक पडत नाही. गाडीचे ठिकाण गाडीतच, आकडेमोडीने काढले जाते. मग शेठजींना कळते ते कसे? गाडीतल्या पेटीत एक सिमकार्डही असते. ग्राहकाने काढलेले ठिकाण ते मोबाइलच्या मनोऱ्यांमार्फत कचेरीत पाठवते. १ जानेवारी २०१९ पासून नोंदल्या जाणाऱ्या नव्या प्रवासी वाहनांना अशी पेटी सक्तीची झाली (रिक्षा वगळून), तीही याच दोन भागांची असते. ऐकणारा भाग वेगळा, चुगली करणारा वेगळा. तो दुसरा भाग माणसांनी, काही नियमाने, काही हेतूने बसवलेला असतो. त्याबद्दल प्रश्न विचारता येतात. आकाशातून पाहणाऱ्या डोळ्याला कोण प्रश्न विचारणार?

चित्रातली दुसरी चूक ‘तीन’ या आकड्याची. तीन उपग्रह, तीन अंतरे, तीन गोल, त्यांचा छेद म्हणजे गाडी : भूमितीच्या तासाला हे छान दिसते. पण अंतर मोजायचे कशाने? जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. डोक्यावरच्या उपग्रहाचा संदेश आपल्यापर्यंत यायला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. निघाल्याची वेळ संदेशातच असते, पोहोचल्याची वेळ आपल्या घड्याळात पाहायची, आणि फरकाला प्रकाशाच्या वेगाने गुणायचे. येथे घड्याळ एक मायक्रोसेकंद चुकले, तर अंतर ३०० मीटरने चुकते. एका रस्त्यावरची गाडी रेल्वेच्या पलीकडच्या रस्त्यावर दाखवायला तेवढे पुरे. उपग्रहात अणुघड्याळे असतात; गाडीत असते मनगटी घड्याळासारखे क्वार्ट्‌झचे. साधे क्वार्ट्‌झ घड्याळ दिवसाला अर्धा सेकंद सहज चुकते आणि अर्ध्या सेकंदात प्रकाश दीड लाख किलोमीटर जातो. म्हणजे चित्रात दाखवलेल्या पद्धतीने वडाळ्याची गाडी पृथ्वीवर सापडणेच अशक्य आहे.

ही अडचण कशी सोडवली आहे, हाच या यंत्रातला सर्वांत सुंदर भाग. तो कोणत्याही तक्त्यावर आम्हांला आढळला नाही. वर्गात सांगण्यासाठी आम्ही शेजारच्या नायगाव-परळ-लालबागमधल्या गिरण्यांच्या भोंग्यांचा आधार घेतो. आजच्या मुलांनी भोंगा ऐकलेला नाही, पण आजी-आजोबांनी ऐकला आहे. समजा, तीन गिरण्यांचे भोंगे वेगवेगळ्या सुरांत बरोबर सात वाजता वाजतात (प्रत्यक्षात ते इतके वक्तशीर असतीलच असे नाही, येथे तसे धरू). आपल्या हातात शहराचा नकाशा आणि एक घड्याळ आहे. पहिला भोंगा सात वाजून ३ सेकंदांनी ऐकू आला, दुसरा ५ सेकंदांनी, तिसरा ६ सेकंदांनी. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. तेव्हा अंतरे झाली १०२०, १७०० आणि २०४० मीटर. नकाशावर कंपासने तीन वर्तुळे काढली, पण ती एका बिंदूत मिळेनात, मध्ये तिकोनी तुकडा उरला. का? आपले घड्याळ पुढे असेल, तर तिन्ही अंतरे सारख्याच प्रमाणात जास्त आली असणार. मग तिन्ही त्रिज्या सारख्याच अंतराने कमी करत जायचे. एका क्षणी तिन्ही वर्तुळे एका बिंदूत मिळतात. तो बिंदू म्हणजे आपली जागा. आणि त्रिज्या ३४० मीटरने कमी कराव्या लागल्या असतील, तर आपले घड्याळ १ सेकंद पुढे होते. जागा आणि घड्याळाची चूक, दोन्ही एकदम हाती आली.

सपाट नकाशावर दोन अक्ष आणि एक घड्याळ, म्हणून तीन भोंगे. अवकाशात तीन अक्ष आणि एक घड्याळ, म्हणून चार उपग्रह. चौथा उपग्रह ‘अधिक अचूकतेसाठी’ असतो असे जे लिहिले जाते, तेही त्यामुळे टिकत नाही. गाडीतल्या स्वस्त घड्याळाची चूक काढायला तो लागतोच. यंत्र आपल्या घड्याळावर विश्वास न ठेवता हिशेब मांडते, म्हणूनच त्याला ठिकाण सापडते.

घड्याळ हाच या व्यवस्थेचा प्राण आहे, हे दोन घटनांतून मुलांना दाखवता येईल. जीपीएस अमेरिकी सैन्याने उभारले. नागरिकांना फार अचूक ठिकाण कळू नये म्हणून २ मे २००० पर्यंत संदेशात मुद्दाम बिघाड केला जाई आणि ठिकाण शंभर-शंभर मीटर चुके. तो बिघाड मुख्यतः घड्याळाच्या वेळेतच केलेला असे. दुसरी घटना आपल्या घरची. भारताच्या ‘नाविक’ व्यवस्थेचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडला गेला. पुढे त्याच्यातली तिन्ही रुबिडियम घड्याळे बंद पडली. उपग्रह कक्षेत होता, पण ठिकाण काढण्याच्या कामातून बाद झाला. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहात भारतात घडवलेले रुबिडियम घड्याळ बसवण्यात आले, त्याचे एवढे कौतुक का झाले, हे ज्याला भोंग्यांचे उदाहरण कळले त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

चित्रात आणखी एक गाळलेली गोष्ट आहे : नकाशा. पडद्यावर गाडीचा ठिपका रस्त्याच्या बरोबर मध्यावर धावताना दिसतो, ते मोजमापाचे फळ नव्हे. मोजमाप काही मीटर इकडेतिकडे असते. ‘गाडी आहे म्हणजे ती रस्त्यावरच असणार’ असे धरून यंत्र ठिपका जवळच्या रस्त्यावर ओढून बसवते. वडाळ्यात याची परीक्षा रोज होते. २०१३ साली सुरू झालेला पूर्व मुक्त मार्ग ऑरेंज गेटपासून आणिकपर्यंत सुमारे नऊ किलोमीटर उंचावरून जातो आणि बंदराच्या हद्दीतले रस्ते त्याच्या खालून-शेजारून जातात. गाडी वर आहे की खाली? उपग्रह सगळे डोक्याच्या वर, पायाखाली एकही नाही, म्हणून उंचीचे मोजमाप आडव्या मोजमापापेक्षा ढिलेच येते. मग यंत्र मागचा वेग, मागची वळणे पाहून अंदाज बांधते आणि कधीकधी फसते. वडाळ्यात आता उभ्या राहिलेल्या उंच मनोऱ्यांवर आपटून संदेश ६० मीटर जास्त फिरून आला, तर तेवढेच अंतर जास्त मोजले जाते.

आणिकच्या पुढे मुक्त मार्ग डोंगरातल्या सुमारे अर्ध्या किलोमीटरच्या जोडबोगद्यातून जातो. ताशी ६० किलोमीटरने हे अर्ध्या मिनिटाचे काम. आत एकही उपग्रह ऐकू येत नाही, तरी ठिपका बहुधा चालत राहतो. चाके किती फिरली, गाडी किती वळली, यावरून यंत्र पुढची जागा ताडते. ही युक्ती उपग्रहांहून जुनी आहे. जपानमध्ये होंडाने १९८१ साली काढलेल्या यंत्रात उपग्रह नव्हताच. गाडीचे वळणे ओळखणारा वायूचा घूर्णदर्शी होता आणि पारदर्शक नकाशे पडद्यावर सरकवावे लागत. अमेरिकेत १९८५ साली आलेल्या ‘इटॅक’ यंत्रात होकायंत्र, चाकांवरचे मोजणीयंत्र आणि कॅसेटवर साठवलेला नकाशा होता. जीपीएस पूर्ण क्षमतेने सुरू झाले ते १९९५ साली. तेव्हा ‘गाडीतील दिशादर्शन म्हणजे उपग्रह’ हे इतिहासालाही धरून नाही.

पुढे हा नकाशा कॅसेटवरून सीडीवर आला. गाणी आणि नकाशा एकाच जातीच्या तबकडीवर राहू लागले. म्हणून प्रदर्शनातल्या मुलांनी ही दोन उपकरणे शेजारी मांडली ते योग्यच होते. नव्या गाड्यांतून सीडी जवळजवळ गेली आहे, पण शिकवण्यासाठी ती अजून फार मोलाची आहे. घराघरांत फुकट पडलेली आहे आणि हातात धरता येते.

दुसऱ्या चित्राचे म्हणणे, खड्डा म्हणजे ०. तसे असते तर काय झाले असते? सीडीवर ध्वनी दर सेकंदाला ४४,१०० वेळा, दोन बाजूंसाठी, प्रत्येकी १६ अंकांत लिहिलेला असतो. म्हणजे सेकंदाला १४,११,२०० अंक. गाण्यात क्षणभर शांतता आली की नुसती शून्येच शून्ये येणार. मग एक लांबलचक खड्डा. त्यात शून्ये पाच हजार होती की पाच हजार एक, हे लेसरने कसे मोजायचे? तबकडी फिरण्याचा वेग किंचित हलला की मोजणी चुकली. पुन्हा घड्याळाचाच प्रश्न!

प्रत्यक्षात १ चा अर्थ खड्ड्याची कड. सपाटीवरून खड्ड्यात उतरताना १, खड्ड्यातून वर येताना १. मधला सारा भाग, खड्ड्यातला असो वा सपाट, शून्यांचा. शिवाय मूळचे आठ अंक चौदा अंकांत असे बदलून लिहिलेले असतात, की दोन १ मध्ये निदान दोन आणि जास्तीत जास्त दहा शून्ये यावीत. त्यामुळे दर थोड्या अंतराने कड येतेच, आणि प्रत्येक कडेला यंत्र आपली मोजणीची लय जुळवून घेते. टाळकरी मृदंगाच्या थापेवर आपला ठेका सावरत राहतो, तसे.

लेसर ‘खड्डा पाहतो’ तेही असेच. ७८० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशाचा ठिपका खड्ड्याहून रुंद असतो. काही प्रकाश खड्ड्याच्या तळावरून परततो, काही शेजारच्या सपाटीवरून. दोघांत सुमारे अर्ध्या तरंगलांबीचा फरक पडल्याने ते एकमेकांना दुबळे करतात. अकरावी-बारावीच्या मुलांना व्यतिकरणाचे याहून जवळचे उदाहरण मिळणार नाही.

आणि चुका होतातच. रस्त्यावरच्या खड्ड्यात गाडी आदळली की भिंग मार्ग सोडते. म्हणून पुढच्या काळातल्या यंत्रांत काही सेकंदांचे गाणे आधीच वाचून स्मृतीत ठेवलेले असे. ओरखड्यांसाठी वेगळी तजवीज. लागोपाठचे अंक तबकडीवर लागोपाठ लिहीत नाहीत, दूरदूर पसरवतात, आणि सोबत तपासणीचे जादा अंक देतात. एका घरची सगळी माणसे एका होडीत बसवू नयेत, तसेच हे. ओळीने सुमारे अडीच मिलिमीटर मार्ग पुसला गेला, तरी गेलेले अंक हिशेबाने परत मिळतात. सीडी मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल गोल पुसू नये, असे सांगतात त्याचे कारण हेच. आडवा ओरखडा प्रत्येक फेऱ्यात जरासाच लागतो. मार्गाच्या दिशेने गेलेला ओरखडा लांबवर सारे घेऊन जातो.

त्या शाळेत आम्ही मुलांबरोबर बसून पहिले चित्र दुरुस्त केले. वर जाणारे बाण खोडरबराने पुसले, चौथा उपग्रह आला, गाडीच्या टपावर एक घड्याळ आले. ट्रकचालकाच्या मुलाने गाडीपासून एक नवा बाण काढला, लाल रंगाचा. तो उपग्रहाकडे न जाता आडवा मोबाइलच्या मनोऱ्याकडे गेला, तेथून एका कचेरीकडे. कचेरीच्या खिडकीत त्याने एक माणूस काढला.