मासिकातील जाहिरात आणि प्राण्यांच्या दुकानाचा नफा : एका अनुमानाची चिकित्सा

जाहिरातीने विक्री वाढते आणि विक्री वाढली की नफा वाढतो, हे विधान व्यापारविषयक प्रबंधांतून इतक्या सहजपणे येते की, ते केवळ एक अनुमान आहे याचा विसर पडावा. नाशिक शहरातील पाळीव प्राण्यांच्या दुकानदाराने मराठी मासिकात जाहिरात द्यावी काय, हा वरवर किरकोळ दिसणारा प्रश्न त्या अनुमानाच्या परीक्षेस उपयुक्त आहे. या व्यवसायात मालच सजीव असल्यामुळे निर्णय चुकल्यास त्याचा भार खतावणीपुरता राहत नाही.

मासिकाच्या सामर्थ्याचा दाखला म्हणून किर्लोस्करवाडीचे नाव घेतले जाते, व ते यथार्थ आहे. १९१० साली औंध संस्थानात वसलेल्या या कारखान्याने आपल्या मालाची वार्ता गिऱ्हाइकांपर्यंत नेण्यासाठी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली त्या गृहपत्राचे सर्वसामान्य वाचकांचे मासिक झाले. पुढे १९३० मध्ये ‘स्त्री’ व १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघाले. तथापि या उदाहरणातून निष्कर्ष काढताना एक गोष्ट दुर्लक्षिली जाते. कारखान्याचा लोखंडी नांगर आगगाडीने दूरवर पाठविता येत होता. जेथे अंक पोहोचे, तेथे मालही पोहोचू शके. वाचकाचे गिऱ्हाईक होण्यात अंतराचा अडथळा नव्हता.

प्राण्यांच्या दुकानाची स्थिती याच्या उलट आहे. काचेच्या टाकीतील रंगीत मासे किंवा कुत्र्याचे पिल्लू पाहण्यास गिऱ्हाईक स्वतः येते. खाद्यासाठी तर ते पुनःपुन्हा यावे लागते. विल्यम रायली यांनी १९३१ मध्ये किरकोळ व्यापाराच्या आकर्षणाचा जो नियम मांडला, त्यानुसार शहराची ओढ त्याच्या लोकसंख्येच्या सम प्रमाणात वाढते, परंतु अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. हा नियम शहराशहरांतील व्यापाराचा असला, तरी त्यातील अंतराचे तत्त्व एका शहरातही प्रत्ययास येते. नाशिकरोडचा रहिवासी दरमहा खाद्याच्या पिशवीसाठी गंगापूर रस्त्यावर सहसा जाणार नाही. २०११ च्या जनगणनेत नाशिकची लोकसंख्या सुमारे १४.८६ लक्ष होती. पण एका दुकानाचे खरे क्षेत्र तिच्या एका अंशापुरतेच असते.

येथे मासिकाचा खप हा आकडा फसवा ठरतो. ‘गावकरी’ने नाशिकहून काढलेले ‘अमृत’ महाराष्ट्रभर वाचले गेले. नाशिकचे मासिक आणि नाशिककरांचे मासिक या दोन भिन्न गोष्टी आहेत. जाहिरातदार मात्र मोबदला सर्व प्रतींचा देतो. ज्या प्रती त्याच्या क्षेत्राबाहेर जातात, त्यांवरील खर्च त्याच्या दृष्टीने वाया जातो.

आता नफ्याचा विचार. समजा, एका जाहिरातीस १२,००० रुपये लागले आणि विक्रीच्या दर शंभर रुपयांमागे मालाची किंमत वजा जाता २० रुपये उरतात. तर केवळ खर्च भरून येण्यास ६०,००० रुपयांची अधिक विक्री व्हावयास हवी. ४०,००० रुपयांनी विक्री वाढली तर जाहिरात ‘यशस्वी’ म्हणविली जाईल आणि दुकानदारास ४,००० रुपयांचा तोटा होईल. डॉर्फमन व स्टायनर यांनी १९५४ मध्ये दाखविले ते हेच, की जाहिरातीवरील उचित खर्च हा विक्री तिला कितपत दाद देते आणि प्रत्येक नगामागे काय उरते, या दोहोंवर अवलंबून असतो. उलटपक्षी, केवळ एका महिन्याच्या हिशेबावरून जाहिरात निरुपयोगी ठरविणेही अन्यायाचे होईल. प्राणी एकदा विकला जातो, पण त्याचे खाद्य वर्षानुवर्षे लागते; टिकणारे एक गिऱ्हाईक पुष्कळ खर्च भरून काढू शकते.

परिणाम मोजण्यातही सावधगिरी हवी. १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून रूढ झालेल्या दिवाळी अंकांच्या परंपरेत अनेक जाहिराती स्नेहापोटी दिल्या जातात; अशी रक्कम विक्रीखर्चात न धरता देणगीत धरणेच योग्य. शिवाय सणासुदीस बाजार एरव्हीही तेजीत असतो. त्या काळातील वाढीचे श्रेय अंकास देणे म्हणजे पावसाचे श्रेय छत्रीस देणे होय. यास्तव जाहिरातीचा व जाहिरातीविना महिना आलटून पालटून घ्यावा, मागील वर्षांच्या त्याच महिन्यांशी तुलना करावी, आणि प्रत्येक नव्या गिऱ्हाइकास दुकानाची माहिती कोठून मिळाली हे विचारून नोंदवावे. एवढी नोंद नसेल तर ‘नफा वाढला’ हे विधान सिद्ध झाले असे मानता येणार नाही.

अखेरचा मुद्दा सर्वांत गंभीर आहे. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखालील २०१८ च्या नियमांनी अशा दुकानांस राज्य मंडळाकडील नोंदणी आवश्यक केली. २०१७ च्या नियमांनी आठ आठवड्यांखालील पिल्लांची विक्री निषिद्ध केली. मागणी वाढली म्हणून पिल्ले कारखान्यातील मालासारखी लवकर तयार होत नाहीत. जाहिरात फळास आली आणि पुरवठा तोकडा पडला, तर आईपासून अकाली तोडलेली, दुबळी पिल्ले विकण्याचा मोह होतो. हौसेने घेतलेली जनावरे पुढे रस्त्यावर सोडली जाण्याचा धोकाही वाढतो. नफ्याचे जे गणित ही किंमत धरीत नाही, ते अपुरे होय.

सारांश, सजीव प्राण्यांच्या विक्रीसाठी सर्वसाधारण मासिकातील जाहिरात नाशिकच्या दुकानदारास किफायतशीर ठरण्याचा संभव अल्प आहे, आणि ती इष्टही नाही. पक्ष्यांचे खाद्य, टाकीची उपकरणे यांसारखा टपालाने जाणारा माल असेल, तर किर्लोस्करवाडीचा दाखला पुन्हा लागू पडतो. तेथे प्रयोगास वाव आहे. मासिकाचे वाचक किती, या प्रश्नाने विचारास आरंभ होतो. त्यांपैकी किती जण पुन्हा दुकानाची पायरी चढतील, या प्रश्नावर त्याचा निर्णय व्हावयास हवा.